ढालमाशीचा भादवा

भादव्यात कुठे गवत कापलं की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. ताथवड्याच्या आमच्या सोसायटीत ते यंत्राने कापतात. सकाळी आठच्या सुमाराला खाली घरघर सुरू होते आणि थोड्या वेळाने तो ओला, किंचित गोडसर वास चौथ्या मजल्यापर्यंत चढून येतो. लेक म्हणते, "आई, खिडकी लाव, सगळी धूळ आत येतेय." मी लावत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईने घरातली एक तरी खिडकी स्वतःच्या मर्जीने उघडी ठेवावी, असं माझं मत आहे. लेकीला ते मान्य नाही. पण माझ्याशी वाद घालायला तिला सकाळी वेळ नसतो.

वास आला की मी चिंचवड स्टेशनच्या मागच्या वाटेने चालायला लागते. म्हणजे बसलेली असते खुर्चीतच. पण पायांना ती वाट अजून पाठ आहे. आधी रेल्वेच्या चाळी, मग बाजरीची शेतं, मग रावेतकडे जाणारी बैलगाडीची चाकोरी, आणि त्या चाकोरीला आडवा येणारा ओढा. पन्नास सालानंतरची ती वर्षं. वडील स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. कारखाने यायला नुकती सुरुवात झाली होती. पिंपरीकडे मोजणीच्या साखळ्या घेतलेली माणसं दिसायची आणि गावातली जुनी मंडळी त्यांच्याकडे लग्नाला न बोलावता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी बघायची. बाकी सगळीकडे शेत, गवत आणि पाणी.

मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होते. गाडीने जायचं, गाडीने यायचं. दापोडीला गाडी हटकून थांबून राहायची आणि मी मांडीवरची वही उघडून माश्यांच्या पायांवरचे केस मोजलेले आकडे पुन्हा तपासायची. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय शिकतेस गं?" मी सांगायची, "माश्या." त्यावर कोणी पुढे काही विचारत नसे. आईला तर हे सांगायचीच लाज वाटे. कोणी विचारलं की ती म्हणे, "सायन्स घेतलंय," आणि विषय बदले.

माझी माशी साधी नव्हती पण. मुगाच्या डाळीएवढी, निळसर हिरवी, चकचकीत. गवताच्या पात्यावर बसली की कोणीही म्हणेल, हा बारीकसा भुंगेरा आहे. पाठ फुगीर, टणक, वर तेल चोपडल्यासारखी चमक. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कडक पंखांची झाकणं असतात आणि त्यांच्या मधोमध एक सरळ फट असते. हिच्या पाठीवर फट नाही. छातीच्या मागच्या टोकाचा एवढासा तुकडा वाढत वाढत जाऊन अख्ख्या पोटावर ढालीसारखा पसरलेला, आणि खरे पंख त्या ढालीखाली घडी करून ठेवलेले. पंख दोनच. भुंगेऱ्याचे चार. पंखांच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढे दोन दांडके. ते दिसले की संपलं, ती माशीच. आमचे सर तिला ढालमाशी म्हणत. त्या वंशात जाती किती, कुठली कशावरून वेगळी ओळखायची, याचं कोष्टक नव्याने मांडायचं हे सरांचं काम होतं, आणि त्यातला पवनेच्या खोऱ्याचा भाग त्यांनी माझ्याकडे दिला होता.

मी पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. ओढ्याकाठी जाळी फिरवून दोन तासांत बाटली भरली आणि खुशीत काठावर येऊन उभी राहिले. तिथे एक बाई गवत कापत होती. चाळिशीची असेल. काळीसावळी, ओचे खोचलेले, हातात विळा. तिने बाटली मागितली, उन्हाकडे धरली, आणि म्हणाली, "ह्यातलं निम्मं किडं हायेत. माश्या थोड्याच हायेत."

"तुम्हांला कसं कळलं?" मी विचारलं.

"किडा हात लावला की मेल्याचं सोंग घेतो, खाली पडतो. ही टिकली पडत न्हाई, उडती. आमी रोज हितंच बसतो की गं पोरी."

त्या पारूबाई. गवत कापायला बसलं की ह्या माश्या समोर, नाकासमोर असत, आणि त्यांना त्या टिकली म्हणत. दोन तासांत मी जे पुस्तकातून शिकूनही चुकले होते ते त्यांना न शिकता येत होतं. मला थोडा राग आला, हे कबूल करते. घरी येऊन भिंगाखाली बघितलं तर खरोखर निम्मे भुंगेरे निघाले. दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर गेले ती थेट पारूबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

त्यांची हकीकत त्यांनी कधी एका बैठकीत सांगितली नाही. तुकड्यातुकड्यांत कळली. नवऱ्याने टाकलेलं. मूलबाळ नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर भावाच्या घरी राहायच्या, भावाच्या म्हशींना गवत आणायच्या. भाऊ वाईट नव्हता. पण घरात येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची ओळख कोणी करून देत नसे. भावजय 'आमची' म्हणून पुढे काहीच म्हणायची नाही. एकदा पारूबाई हसत म्हणाल्या होत्या, "रेशनकार्डावर तेवढं नाव हाय माजं. साखर मिळती ना त्याच्यावर."

श्रावणात मला हिवतापाने धरलं. दोन आठवडे मी अंथरुणात आणि बाहेर ऐन माश्यांचा मोसम. त्यात पावसाळ्यात आधीच आमच्या नमुन्यांची दैना. टाचणीला लावून ठेवलेल्या माश्यांना चार दिवसांत बुरशी धरायची. डांबराच्या गोळ्या घाला, डबा उन्हात ठेवा म्हणावं तर ऊन कुठलं? मी आजारी पडण्याच्या आधी एकदा पारूबाईंसमोर रडलेही होते, एक अख्खा डबा पांढरा पडला म्हणून.  माझ्या तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी त्या आमच्या चाळीच्या दारात उभ्या. पदरातून तीन काडेपेट्या काढल्या. आत कापूस आणि कापसावर माश्या. कोरड्या, स्वच्छ, बुरशीचा ठिपका नाही.

"बघ बाय, ह्या न्हाई नासायच्या," म्हणाल्या आणि आईने दिलेला चहाही न घेता गेल्या. असं त्यांनी चार वेळा केलं. कोरड्या कशा राहिल्या, हे मी विचारलं नाही. आयती मिळालेली गोष्ट कशी मिळाली हे विचारायचं कोणाला सुचतं?

बरी झाल्यावर मी त्या एकेक करून कागदाच्या टोकांवर चिकटवल्या, टाचण्यांना लावल्या आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी अडकवली. चिठ्ठी म्हणजे नखाएवढा कागद. त्यावर टाकाने, काळ्या शाईत, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. आमच्याकडे रिवाज असा की शिपायाने धरलेलं फुलपाखरू असो की गुराख्याने आणलेला विंचू, चिठ्ठीवर नाव विद्यार्थ्याचं किंवा सरांचं. कोणी तसं शिकवलं नव्हतं. सगळे करत होते, मीही केलं. एकवीस माश्या, एकवीस चिठ्ठ्या, एकवीस वेळा माझं नाव.

आणि ह्या एकवीस वेगळ्या निघाल्या! निळा-हिरवा रंग नाही. मधासारख्या तपकिरी. ढालीवर बारीक सुरकुत्यांची नक्षी. पूर्वेकडच्या तपकिरी जातींची जुनी वर्णनं आमच्याकडे होती, त्यांच्याशीही पुरत्या जुळेनात. सरांनी भिंगातून पाऊण तास बघितलं. मान वर केली तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि त्यांना तो सापडत नव्हता. "बाई, ही नवी जात दिसते," म्हणाले. सर असे होते की चांगलं काही म्हणायचं तर आवाज खाली आणायचे. त्या दिवशी ते जवळजवळ कुजबुजले.

नव्या जातीला नाव देता येतं. माणसाच्या नावाला लॅटिन शेपूट लावून ते कायमचं करता येतं. सर म्हणाले, तुमचा हक्क, तुम्ही ठरवा. मला ठरवायला क्षणही लागला नाही. मी धावत ओढ्यावर गेले आणि पारूबाईंना सांगितलं की एका माशीला तुमचं नाव लागणार, जगातल्या सगळ्या पुस्तकांत, तुम्ही-आम्ही गेल्यावरसुद्धा.

त्यांनी विळा खाली ठेवला. "माजं?" म्हणाल्या.  उठताना म्हणाल्या, "भावाला सांगू का?"

त्यांनी भावाला सांगितलं, भावजयीला सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. आठवड्याभरात वस्तीवरची पोरं मला बघून "पारूआत्याची माशी, पारूआत्याची माशी" ओरडायला लागली. पारूबाई त्यांना दटावायच्या, पण डोळ्यांत हसू. त्या दिवसांत मी त्यांना गाणं गुणगुणताना ऐकलं. आयुष्यात मी कोणाला एवढं सुख दिलंय असं मला त्याआधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसं वाटलं नाही.

मग गौरी आल्या. पारूबाईंच्या भावाने आम्हांला मुद्दाम बोलावलं. माशीवाल्या बाईंना जेवायला घालायचं म्हणून. आई नको नको म्हणत आली. ओसरीवर गौरी उभ्या, समोर फराळाची ताटं, तेरड्याची रोपं. भावजयीने आईला हळदीकुंकू लावलं. पारूबाई चुलीपाशी होत्या. मी आत गेले. पुरणाचा वास, धूर, ओल्या लाकडाची सुरसुर. चुलीच्या बाजूला, जिथे नुसती ऊब लागते त्या वैलाजवळ, एक सूप भिंतीलगत आडवं ठेवलेलं. सुपात काहीतरी चमकलं म्हणून वाकले.

माश्या होत्या. सकाळी आणलेल्या असतील, त्या सुपाच्या एका टोकाला. निळ्या-हिरव्या, लखलखीत. मधे ठेवलेल्यांची चमक मेलेली. आणि पलीकडच्या टोकाला, चार दिवस धुरात राहिलेल्या. मधासारख्या तपकिरी. ढालीवर बारीक सुरकुत्या.

"तुजं ते बुरशीचं रडं बघवंना," पारूबाई पोळी उलथत म्हणाल्या. "शेवया वाळत्यात हितं, म्हणलं माश्या बी वाळतील. झाल्या का न्हाई छान?"

मी हो म्हणाले. ताटावर बसले, पुरणपोळी खाल्ली, तूप वाढून घेतलं, निरोप घेतला. त्या पोळीची चव मला अजून आठवते, आणि ती चांगलीच होती, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी दोन्ही रंगांच्या माश्या पाण्यात मऊ करून पोटाची टोकं उघडली. नराचे अवयव जातीजातीत वेगळे असतात, तिथे लबाडी चालत नाही. तंतोतंत एक. केसागणिक एक. नवी जात चुलीवर जन्मली होती.

आणि हे मला आधी का कळलं नाही? जर त्या एकवीस चिठ्ठ्यांवर धरणाऱ्याचं खरं नाव असतं तर एखादं लहान मूलही म्हणालं असतं, की सगळ्या तपकिरी माश्या एकाच हाताने आणलेल्या कशा? मला दिसलं नाही, कारण चिठ्ठीवर मीच होते. हिरव्यांवर मी, तपकिरींवरही मी.

सरांना सांगितलं. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. ते रागावले नाहीत. लेखाचं हस्तलिखित पाकिटात तयार होतं, वर पत्ता घातलेला. ते पाकीट माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्हांला नियम माहीत आहे. नाव एकदा छापलं की पुसता येत नाही. उद्या दुसरा कोणी दाखवून देईल की ही जात खोटी. तरी खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, ते राहतंच. शंभर वर्षांनीही राहील. नाही छापलं तर काहीच राहणार नाही." मग म्हणाले, "मी हे छापा असं सांगत नाही. तुम्हांला त्या बाईंना सांगावं लागणार, म्हणून म्हटलं."

मी तीन दिवस ते पाकीट दप्तरात घेऊन हिंडले. गाडीत बसलं की मांडीवर. दापोडीला गाडी थांबली की वाटायचं, इथेच उतरावं आणि टपालपेटीत टाकून मोकळं व्हावं. खोटं कोणाचं काही बिघडवत नव्हतं. एका माशीच्या नावाने कोणाच्या घरची भाकरी करपणार होती? आणि तिकडे एका बाईला जन्मात पहिल्यांदा आपलं म्हणून काही मिळणार होतं.

चौथ्या दिवशी मी पाकीट फाडलं. तेव्हा मी मनाशी म्हटलं की पारूबाईंचं नाव शंभर वर्षं चुकांच्या यादीत लोंबकळत राहायला नको. पुढे तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आणि मुलांना नोंदीचा खरेपणा शिकवताना हीच गोष्ट, नावं गाळून, मोठ्या ऐटीत सांगितली. पण अलीकडे मला माझ्या ऐटीचा संशय येतो. कायमचं छापलं जाणार होतं ते नाव त्यांचं होतं, चूक मात्र माझी होती. मी नेमकं कोणाला वाचवलं? आता या वयात स्वतःशी खोटं बोलून मिळवायचंय काय, म्हणून लिहून टाकते: दोघींनाही. आधी बहुधा मला.

सर गेले. पारूबाई माझं लग्न होऊन मी पुण्याला गेल्यावर पाच-सहा वर्षांत गेल्या. ओढा पाइपातून जातो म्हणतात, वरून रस्ता आहे. त्यांच्या भावाच्या नातवंडांच्या नावाच्या पाट्या आता मोठमोठ्या इमारतींवर दिसतात. एका पाटीपुढे आमची रिक्षा सिग्नलला थांबते, आणि मी उगाचच ती खालपर्यंत वाचते. कॉलेजच्या कपाटात मात्र मी निवृत्त होईपर्यंत त्या एकवीस माश्या दरवर्षी बघत आले. निळ्या-हिरव्यांच्या रांगेत, त्याच जातीच्या नावाखाली, एकवीस तपकिरी.

पाकीट फाडलं त्याच दिवशी मी त्या माश्यांची पेटी घेऊन ओढ्यावर गेले. सोबत कोऱ्या चिठ्ठ्या, टाक आणि शाईची दौत. पाऊस उघडला होता. पारूबाई भारा बांधत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शब्द शोधत बसले असते तर सांगून झालं नसतं.

त्या ऐकत राहिल्या. भाऱ्याची गाठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

"म्हंजी माज्या धुरानं झालं," म्हणाल्या.

"तुमची चूक नाही, पारूबाई. मी विचारायला हवं होतं."

"आता घरी काय सांगू?"

या प्रश्नाची मी वाटभर भीती बाळगली होती. मी सांगून पाहिलं की मी येते, मी भावाला समजावते. त्यांनी मान हलवली. "नगं. मीच सांगंन. हसतील चार दीस." त्या भाऱ्याशेजारी बसल्या. पदराने तोंड पुसलं. रडल्या की घाम पुसला, मला कळलं नाही, आणि बघायचा धीरही झाला नाही.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "त्या माश्या टाकून दिल्या का?"

मी पेटी उघडली. एकवीस माश्या रांगेत उभ्या होत्या. त्या वाकून बघायला लागल्या. बोट लावायचं नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "माशीचं नाव नाही देता येत. पण ह्या कोणी धरल्या ते खाली लिहायचं असतं. तुमचं नाव लिहायला आलेय. काय लिहू? सासरचं, की माहेरचं?"

"सासरच्यांनी ठेवली न्हाई. माहेरचं भावाचं हाय. नुसतं पारूबाई लिव."

"बरं."

"समद्यांखाली?"

"सगळ्यांखाली."

त्यांनी पहिल्या टाचणीखालच्या कागदाकडे बोट केलं. "हितं आता काय लिवलंय?"

"माझं नाव."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादी गोष्ट खरंच समजली नाही की माणूस बघतो, तसं.

"तू धरल्या व्हत्यास?"

"नाही."

"मंग?"

मी दौतीचं झाकण उघडलं. वाऱ्याने चिठ्ठ्या उडायला लागल्या तशा त्या जवळ सरकून बसल्या आणि दोन्ही हातांनी चिठ्ठ्या दाबून धरल्या. मी मान वर न करता पहिली लिहायला घेतली.